त्रुटी : मान्य मर्यादेत

“ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.”

दाराशेजारच्या भिंतीवर बसवलेल्या त्या काळ्या चौकटीने हे तिसऱ्यांदा सुनावले, तेव्हा तिचा संयम संपला. दोन्ही हातांत प्रमाण वजनांची लाकडी पेटी, खांद्यावरून घसरणारी पिशवी, मागे जिन्यात खोळंबलेले चार सहकारी... आणि गेली अकरा वर्षे ज्या दारातून ती रोज नऊला पाच कमी असताना आत जात होती, तेच दार आज तिला विचारत होते, आपण कोण!

“अकरा वर्षं!” ती चौकटीला म्हणाली. “तू काल आलीस. आणि ओळख मी पटवायची?”

“त्याला ऐकू येत नाही, मॅडम,” वरून आवाज आला. “फक्त दिसतं.”

शिडीच्या वरच्या पायरीवर एक तरुण उभा होता. हातात पेचकस, कानामागे पेन्सिल, केसांत भिंतीचा चुना. “काल रजेवर होतात ना? तुमची नोंद राहिलीय. एक मिनिट... इकडे बघा.”

तिने बघितले नाही, डोळे वटारले. यंत्र टुणकन वाजले.

“झालं. घेतला चेहरा.”

“घेतला म्हणजे? विचारलंत कधी?”

खाली उतरणारा त्याचा पाय पायरीवरच थांबला. आदल्या दिवशी चाळीस जणांचे चेहरे त्याने घेतले होते. हा प्रश्न त्यांतल्या एकानेही विचारला नव्हता.

“नाही विचारलं...” तो म्हणाला. “चुकलंच माझं.”

पुढची तीन तिखट वाक्ये तिच्या जिभेवर तयार होती. त्यांची गरजच उरली नाही, याचा तिला अधिकच राग आला.

ते कार्यालय म्हणजे वजनकाटे तपासणारी प्रयोगशाळा. गावोगावचे काटे तिथे येत – दुकानांतले, औषधांच्या कारखान्यांतले, सराफांचे. ती ते तपासी आणि खऱ्या निघालेल्या काट्यावर एक हिरवी चिठ्ठी चिकटवी. चिठ्ठीवर दोनच ओळी असत : ‘त्रुटी’ आणि ‘पुढील तपासणी’. सहकारी तिला तोंडावर ‘ताई’ म्हणत आणि पाठीमागे ‘मिलिग्रॅम’. कारण तेवढेसुद्धा ती सोडत नसे.

तिच्या पेटीच्या कोपऱ्यात एक वजन मुद्दाम हलके करून ठेवलेले होते. वर आकडा छापलेला शंभराचा, भरे मात्र त्याहून कमी. नवा मदतनीस काट्यावर दिसते ते लिहितो, की आधीच ठाऊक असलेला आकडा उतरवून मोकळा होतो, हे ती या खोट्या वजनाने ओळखत असे.

दुसऱ्या दिवसापासून खरा वैताग सुरू झाला. यंत्राने तिचा जो चेहरा घेतला होता, तो रागावलेला होता. साहजिकच, रागावल्याशिवाय ते तिला ओळखेना. सकाळी प्रसन्न मनाने आलेल्या बाईने दारात उभे राहून कपाळाला आठ्या घालायच्या, मगच कडी उघडणार! कार्यालयातले जुने शिपाई – सगळ्यांचे मामा – यांना तर रोजची करमणूकच झाली.

“ताई, चिडा बघू जरा. नऊ वाजत आले.”

“मामा, आता खरंच चिडेन हं!”

टुण्. दार उघडे.

देखभालीसाठी तो दर मंगळवारी संध्याकाळी येई. पहिल्याच मंगळवारी तिने त्याला दारात गाठले.

“माझा चेहरा कुठे ठेवलाय?”

“चेहरा नाही ठेवत ते. आकडे ठेवतं. दोन डोळ्यांमधलं अंतर, नाक ते हनुवटी... असं सगळं. चित्र नसतं त्यात.”

“म्हणजे माझी मापं.”

“...हो. तसंच म्हणायचं.”

“त्रुटी किती?”

“कसली त्रुटी?”

“मोजणारं प्रत्येक यंत्र थोडंतरी चुकतंच. किती, ते सांगावं लागतं.”

“कंपनीच्या पत्रकात ‘अचूक’ म्हटलंय.”

“अहो, अचूक हे काय माप आहे? ती जाहिरात आहे!”

तो ‘अहो’ तिच्या तोंडून आपसूक गेला. मागे मामांनी विनाकारण खाकरून घसा साफ केला.

अखेर तिनेच सुचवले, की हे यंत्र आपण रीतसर तपासू. तो वाद न घालता तयार झाला. म्हणाला, कंपनीत त्याला यंत्र बसवायला शिकवले होते; शंका घ्यायला कोणी शिकवलेच नव्हते. मग मंगळवारी कामाची वेळ संपली, की जिन्याच्या त्या चिंचोळ्या सज्ज्यात, खिडकीतून तिरपे ऊन येत असताना, दोघांची तपासणी चाले. चष्मा लावून, काढून. दिवा चालू, दिवा बंद. ती कोष्टक आखी, तो यंत्राशेजारी उभा राहून आकडे सांगे. तिचा रागीट चेहरा : दहापैकी दहा. निर्विकार : दहापैकी सहा.

“आता हसरा,” तो म्हणाला.

“हसण्यासारखं काय घडलंय?”

त्याने दोन विनोद सांगितले. दोन्हींतली तर्कातली चूक तिने दाखवून दिली. हात टेकून तो जिन्याखालच्या पिशवीतून काहीतरी आणायला गेला, ती पाणी प्यायला आत गेली आणि तेवढ्यात दार लागले. परतला तेव्हा सकाळपासूनच्या सर्दीने नाक टमाट्यासारखे झालेले, गळ्यात मफलर, ओठांत पेचकस... आणि त्याच्याच यंत्राने त्याला सांगितले, “ओळख पटली नाही.”

दाराच्या काचेतून तिला त्याचा चेहरा दिसला. तिने ओठ दाबून पाहिले... जमले नाही. दार उघडून ती बाहेर आली ती डोळ्यांतले पाणी पुसतच.

“हसा, खुशाल हसा,” तो म्हणाला, “पण यंत्राकडे बघून हसा. नोंद होऊ द्या.”

तिने यंत्राकडे मान वळवली, पण नजर काही त्याच्यावरून हलली नाही.

“ओळख पटली नाही.”

हसरा : दहापैकी शून्य.

खरे म्हणजे तपासणी तिथेच पूर्ण झाली होती. तरी मंगळवार चालू राहिले. कधी दिव्याचा कोन राहिला म्हणून, कधी पाऊस झिमझिमत होता आणि छत्री एकच होती म्हणून. एकदा तो आपली पेन्सिल विसरून गेला. परत द्यायची म्हणून तिने ती वजनांच्या पेटीत ठेवली, आणि पुढच्या मंगळवारी नेमकी द्यायची विसरली. वस्तू विसरणे तिच्या स्वभावात नव्हते. त्याकडेही तिने दुर्लक्ष केले.

असे दोन महिने गेल्यावर, महिनाअखेरच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी भिंतीवर यंत्राचा अहवाल दाखवला.

“एक गंभीर बाब आहे,” ते चष्मा सावरत म्हणाले. “दर मंगळवारी, साडेपाचनंतर, आपल्या दारात एक अनोळखी स्त्री थांबते. सरासरी सतरा मिनिटं. यंत्राने तिचा फोटो काढलाय.”

आणि फोटो भिंतीवर आला. हातभर उंचीचा.

ती स्वतःच होती. हसत होती. तिची नजर चौकटीच्या कडेला होती. तिथे फक्त एक कोपर आणि एक पेचकस दिसत होता.

“साहेब,” मामा हळूच म्हणाले, “या आपल्या ताई आहेत.”

“या? छे! पण या तर...” साहेबांनी भिंतीकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, पुन्हा भिंतीकडे पाहिले. “या तर हसतायत.”

कोणीतरी खुदकन हसले. तिने वही मिटली. त्या बाईच्या डोळ्यांत जे होते, ते तिला आत्ता, या क्षणी, सगळ्यांबरोबर कळत होते. आपल्या मनातली गोष्ट आपण सवडीने, आपल्याशीच, आधी म्हणून पाहतो. मग धीर झाला तर एका माणसाला सांगतो. तिची ती गोष्ट यंत्र भिंतीवर लावून मोकळे झाले होते – तेही ‘अनोळखी’ म्हणून!

मंगळवारी ती दारातच उभी होती.

“चित्र ठेवत नाही म्हणालात.”

त्याचा चेहरा उतरलेला होता. मामांनी खालीच सगळे सांगितले असावे. “ओळखलेल्यांचं नाही ठेवत. अनोळखीचं ठेवतं... ती सोय कंपनीकडून चालूच करून येते. मी बघायला हवं होतं. नाही बघितलं.”

“न बघता हमी दिलीत. अशा हमीसाठी मी लोकांचे काटे परत पाठवते.”

“पाठवाच. पण मला त्या फोटोतलं... म्हणजे, मी ते मुद्दाम...”

“तुमच्याकडे माझं सगळं आहे,” तिचा आवाज कापला, आणि कापला म्हणून ती आणखी चिडली. “चेहरा, पत्ता, फोन नंबर, येण्याजाण्याच्या वेळा. किल्ली तुमच्या हातात. माझ्याकडे तुमचं काय आहे? एक पेन्सिल! तीसुद्धा विसरलात म्हणून. तुम्ही येऊ नका आता.”

त्याने पिशवी उचलली. मग मान हलवून जिना उतरला.

त्या रात्री ती सरळ झोपली आणि सकाळी कामाला लागली. चार दिवसांत तिने साहेबांपुढे तीन पानी टिपण ठेवले : इतरांच्या यंत्रांची त्रुटी तपासणाऱ्या संस्थेने, ज्याची त्रुटी सांगता येत नाही असे यंत्र स्वतःच्या दारावर कसे लावावे? सोबत कोष्टक. साहेब हाडाचे मापवाले होते. त्यांनी कोष्टक दोनदा वाचले, उसासा टाकला आणि यंत्र काढण्याचा आदेश दिला. कपाटातली जुनी हजेरीवही बाहेर आली.

ती जिंकली होती. मग हा फोन का वाजत नव्हता?

घरी आणखी एक पहारा होता. धाकट्या भावाने परगावी जाताना, काळजीपोटी, तिच्या आणि आईच्या फोनमध्ये काहीतरी घालून ठेवले होते. कोण कुठे आहे, ते त्याला तिकडे बसून दिसे.

“काय गं,” आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “हल्ली मंगळवारी वेळेवर येतेस? धाकटा विचारत होता, ताईचं काही बिघडलंय का.”

“आई, त्याला सांग, मी त्याची मोठी बहीण आहे, पार्सल नाही. आणि आजच काढून टाकते ते.”

“काढ बाई. पण त्या फोनकडे दर दोन मिनिटांनी काय बघतेस?”

“त्याच्याकडे नंबर आहे, आई!”

“कोणाकडे?”

“...कोणाकडे नाही. सगळ्यांकडे आहे. हाच तर वैताग आहे.”

आईने एक देठ मोडला आणि पुढची जुडी ओढली.

यंत्र काढायला कोण येणार, हे तिने विचारले नव्हते. त्या मंगळवारी नेहमीपेक्षा थोडी उशिराच ती पेटी घेऊन बाहेर पडली, तेव्हा सज्ज्यात तीच शिडी होती, आणि केसांत तोच चुना. भिंतीवर आता चार भोके आणि एक फिकट चौकोन उरला होता. काळी चौकट खोक्यात गेली होती.

“सगळं पुसलंय,” तो खाली उतरून म्हणाला. “आकडे, फोटो, पत्ते. साहेबांना समोर बसवून पुसलं आणि त्यांची सही घेतली. या वेळी बघितलंय.”

“बरं केलंत.”

“आता माझं इथे काही काम नाही. परत येणं नाही.” त्याने खोक्याची दोरी विनाकारण दुसऱ्यांदा बांधली. “म्हणून... विचारायचं होतं. तुमचा फोन नंबर द्याल का?”

तिला वाटले, हा थट्टा करतोय. “नंबर! तीन महिने होता की तुमच्याकडे!”

“यंत्राकडे होता. तुम्ही कार्यालयाला दिला होता, मला नाही.”

“आणि तुम्ही कधी बघितला नाहीत?”

“नाही.”

“गेले तीन आठवडेसुद्धा?”

“गेले तीन आठवडे तर रोज नाही बघितला,” तो म्हणाला. “एकेक दिवस मोजून.”

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडीचा भोंगा वाजवला. तिने पेटी शिडीच्या पायरीवर टेकवली. विश्वास ठेवावा असे फार, फार वाटत होते. आणि नुसते वाटण्यावर तिने आजवर एकाही काट्याला चिठ्ठी दिली नव्हती.

“कशावरून?” तिने विचारले.

“त्याला पुरावा नाही माझ्याकडे.” त्याने हात पसरले. “न केलेल्या गोष्टीचा काय पुरावा देणार?”

तिने पेटी उघडली. आतली पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली. “लिहून घ्या.”

तो गडबडीने वाकला आणि खोक्यावर लिहू लागला. ती एकेक आकडा सावकाश सांगत गेली. नजर पेन्सिलीच्या टोकावर. सातवा आकडा आला... पेन्सिल थबकली नाही, अडखळली नाही. तिने सांगितला तसाच तो उमटला, आणि पुढचाही, आणि शेवटचाही.

“लिहिला,” तो म्हणाला. चेहऱ्यावर परीक्षा संपल्यासारखे हसू.

“चूक आहे.”

“चूक? तुम्ही सांगितलात तोच लिहिलाय!”

“सातवा आकडा मी मुद्दाम खोटा सांगितला. नंबर आधी पाहिलेला असता, तर हात क्षणभर तरी अडला असता.”

तो तोंड उघडे ठेवून पाहत राहिला. “म्हणजे... तुम्ही मला तपासलंत?”

“हो.”

“काट्यासारखं?”

“काट्यासारखं.”

“अहो, माणूस इथे जीव मुठीत धरून नंबर मागतोय, आणि तुम्ही... कमाल आहे बुवा! आता खरा आकडा सांगणार आहात, का त्यालाही अर्ज करू?” पहिल्यांदाच तो चिडला होता, आणि चिडलेला तो तिला अतोनात आवडला.

तिने खरा आकडा सांगितला. मग पेटीच्या झाकणातून एक हिरवी चिठ्ठी काढली, त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि चिठ्ठीवर दोन ओळी भरल्या. त्याच्या सदऱ्याच्या खिशावर ती चिकटवून, कडा अंगठ्याने नीट दाबून, ती मागे सरली. त्याने मान खाली घालून, डोके वाकडे करून, उलटी अक्षरे कशीबशी वाचली.

“त्रुटी : मान्य मर्यादेत.” त्याने वर पाहिले. “शून्य नाही?”

“शून्य कोणाचीच नसते. माझीही नाही.”

“आणि... पुढील तपासणी?” अक्षरे त्याला दिसत होती. तरी तिच्या तोंडून ऐकायचे होते.

तिने पेटी उचलली. सज्ज्यात तिरपे ऊन होते, भिंतीवर चार भोके होती आणि बघणारे दुसरे कोणीही नव्हते.

“रोज,” ती म्हणाली. आणि तिच्या चेहऱ्यावर आले ते हसू त्याने पाहिले.