लाल ठिपक्यांची कॉइल

"ही पिन बघ, ठमे! चिपमधला आकडेमोड करणारा भाग इथून वीज घेतो. ही शेजारची पिन मोजणाऱ्या भागाची. वीज एकच, पण मोजणाऱ्याला ती शांत लागते. म्हणून मध्ये ही चिमुकली कॉइल!"

तपासलेल्या प्रत्येक जोडावर बाबा आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचे. तसे त्यांनी दूधकेंद्रासाठी बनवलेल्या या तापमापकाच्या कॉइललाही दिले.

"हो, हो, कळलं!" म्हणत ठमी बॅडमिंटन खेळायला पळाली.

त्याच संध्याकाळी बाबांनी तो डबा केंद्रातल्या टाकीवर बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

सुट्टी लागली तोवर दूधकेंद्रातलं दूध तिसऱ्यांदा नासलं होतं. पंप सुरू झाला, की टाकीवरचा बाबांचा तापमापक चारवरून अकरावर आणि अकरावरून दोनवर उड्या मारायचा आणि दूध थंड करणारं यंत्र भलत्याच वेळी बंद व्हायचं.

"भंगार आहे ते! उद्या फेकून देतो," केंद्राचा मिस्त्री चारचौघांत म्हणाला.

ठमीच्या अंगाची लाही लाही झाली. मामेभाऊ चष्मिशला घेऊन आणि बाबांची हत्यारांची पेटी उचलून ती केंद्रावर थडकली.

"मिस्त्रीकाका, मध्ये हा डबा कुणी उघडला होता का हो?" मॅनेजरबाईंसमोर तिने गरीब चेहऱ्याने विचारलं.

"कोण उघडतंय! तुझ्या बाबांनी लावला तसाच आहे."

"नक्की?"

"शंभर टक्के!"

चष्मिशने मेन स्विच बंद केला, झाकण काढलं आणि नाक दाबलं.

"ईऽऽ! नासकं दूध, बिस्किटांचा लगदा... आणि झुरळांचं अख्खं खानदान!"

बाबांच्या डब्यात खरकटं! ठमीला वासापेक्षा त्या माणसाचीच शिसारी आली. कॉइलच्या जागी नुसती तार होती. "यावर बाबांचा लाल ठिपका कुठाय?" ठमीने विचारलं.

"ठिपका द्यायला विसरला असेल बाप," मिस्त्री गुरगुरला.

ठमीने तळाच्या रबरबाटात दोन बोटं घातली. हाताला काहीतरी लागलं. पुसलं, तर तुटकी कॉइल! दोन्ही टोकांना लाल ठिपके!

मिस्त्रीचा चेहरा पडला. "आत ऊब असते... बिस्किटं कुरकुरीत राहतात, पेल्यातलं दूध कोमट राहतं. ठेवताना कॉइल तुटली. म्हटलं, वीज एकच तर आहे, तार जोडली!"

"आणि स्वतःची घाण गेलेल्या माणसाच्या माथी मारलीत?" मॅनेजरबाई कडाडल्या.

ठमीने डबा पुसला. पेटीतली नवी कॉइल चष्मिशने डाग देऊन बसवली. पंप घरघरला. चार. चारच!

"बाबांची लेक शोभतेस!" बाई म्हणाल्या.

ठमीने तीनदा साबण लावला, तरी बोटांचा वास जाईना. मग पेटीतली नेलपॉलिशची बाटली काढून तिने नव्या जोडांवर ठिपके दिले.

"बाबा," ती सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "त्या दिवशी मला काहीच कळलं नव्हतं. खोटं बोलले मी. आत्ता कळलं."