पहिला घास

"उद्या सकाळी मला घराबाहेर काढणार आहेत," मदत मागायला आलेली एका घरची सून म्हणाली. "म्हणे, मी नवऱ्याला विष घालते."

वहिनींनी चष्मा पुसला. त्या खाजगी तपास करायच्या, आणि मूर्खपणाचा त्यांना मनापासून तिटकारा होता. सोबतीला त्यांचा दीर, भाऊजी. भाऊजींना मेंदू होता, पण तो जपून वापरायची सवय.

"विष कशावरून?"

"जेवून आडवे झाले की यांना थंडी, ताप, कोरडा खोकला. दम लागतो. सकाळी जरा बरं. आता सासूबाई पहिला घास मला खायला लावतात, शेजाऱ्यांदेखत!"

सुनेच्या घरी नवरा भिंतीला टेकून धापा टाकत होता. बायकोवर एवढा आळ आला तरी तोंडातून शब्द नाही. असल्या माणसाला काय म्हणावं!

सासूच्या तोंडाला मात्र खंड नव्हता. "मंगळवारी आणि शुक्रवारीच घालते, लबाड! स्वतःचा घास बाजूला काढत असणार. मागच्या महिन्यात एका शुक्रवारी ही माहेरी गेली, तर पोरगा ठणठणीत. हे त्याच्या कामावरच्या मुकादमांच्याच लक्षात आलं. देवमाणूस!"

नवरा गुरांच्या मोठ्या गोठ्यावर कामाला होता. हा देवमाणूस तिथे, गवताच्या शेडच्या दाराबाहेर, नाकावर रुमाल बांधून उभा होता.

"गवत कसं आहे?" वहिनींनी विचारलं.

"एक नंबर! कापलं की लगेच दाबून गाठी बांधतो. वाळवत बसायला वेळ कुणाला आहे?"

भाऊजींनी आत जाऊन एका गाठीत हात खुपसला. "वहिनी, आतून गरम आहे की हो!" पांढरी धूळ उडाली आणि ते खोकत बाहेर आले.

"गाठी कधी फोडता?"

"मंगळवारी, शुक्रवारी. तुम्ही ज्याच्यासाठी आलात, तोच फोडतो. मागच्या महिन्यात एका शुक्रवारी तो बायकोला माहेरी पोचवायला गेला, तेव्हा मला फोडाव्या लागल्या."

"मास्क?"

"डझनभर आहेत, कपाटात. तपासणीवाले आले की काढतो."

हे तो अभिमानाने सांगत होता.

भाऊजी भिंतीवरचा हजेरीचा तक्ता वाचत होते. "मुकादम, त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तुमच्यापुढे गैरहजेरीची फुली कशी?"

"थंडी भरली होती," मुकादम गुरकावला.

संध्याकाळी वहिनींनी त्याला सुनेच्या घरी आणून बसवलं.

"विष ताटात नाही, गाठीत आहे," त्या म्हणाल्या. "ओलं गवत बांधलं की आत बुरशी धरते. गाठ फोडली की ती धूळ छातीत जाते. त्रास लगेच होत नाही, चार-सहा तासांनी होतो. तोवर माणूस घरी येऊन जेवलेला असतो. मग आळ कुणावर? वाढणारीवर!"

"पण ही माहेरी होती तेव्हा..." सासू म्हणाली.

"तेव्हा तुमचा मुलगा हिच्याबरोबर होता. गाठी या मुकादमांनी फोडल्या, आणि त्याच रात्री यांना थंडी भरली. मुकादम, त्या रात्री तुम्हाला कुणी वाढलं होतं?"

मुकादम रुमालाशी चाळा करू लागला. "बायकोने."

"तीही विष घालते का?"

मुकादमने रुमाल खिशात कोंबला.

"तेव्हापासून तुम्ही आत पाऊल टाकत नाही. तुम्हाला कळलं होतं! पण ते बोललात तर ओल्या गाठी कुणी बांधल्या, हे विचारलं गेलं असतं. म्हणून या सासूबाईंचे कान भरलेत. थू तुमच्यावर!"

"वहिनी, रुमाल बांधला तर चालेल ना?" भाऊजींनी विचारलं.

"रुमालाने ही धूळ अडत नाही, भाऊजी. घट्ट बसणारा मास्क हवा. त्याआधी गवत खडखडीत वाळवायला हवं, आणि बुरसटलेली गाठ फोडायचीच नाही." त्या नवऱ्याकडे वळल्या. "उद्यापासून तू शेडमध्ये जायचं नाहीस. डॉक्टरांना या धुळीचं सांग. छाती कायमची निकामी झाली तर मग औषध नाही. आणि बायकोसाठी एकदा तरी तोंड उघड!"

नवऱ्याने मान खाली घातली.

सासू उठली. तिने ताट वाढून सुनेपुढे ठेवलं. "झालं गेलं विसर, बाळा. जेव."

सुनेने ताट परत तिच्याकडे सरकवलं. दारात शेजारी जमले होतेच.

"आधी तुम्ही खा, आई."