चाळीस फोटोंचं एक ब्लँकेट

तुम्ही खोदून खोदून विचारताय म्हणून सांगतो. पण मधेच च्च् च्च् करायचं नाही. कुणी माझी कीव केली की डोकं फिरतं माझं.

त्या वर्षी गावातले दोन्ही कारखाने बंद पडले. खायचे वांधे, तिथे फोटो कोण काढून घेणार? स्टुडिओत मी माशा मारत बसायचो. घरात बायको आणि चार वर्षांची लेक. मी दारात दिसलो की लेक धावत येऊन गळ्यात पडायची. तिच्यासाठीच जगत होतो म्हणा ना. त्यामुळे पुरानंतर मदतकार्याचे फोटो काढायचं काम मिळालं, तेव्हा देव पावल्यासारखं वाटलं. मदत वाटणाऱ्या संस्थेचे साहेब म्हणाले, "नीट काम करा, कायमचं लावून घेतो."

पूरग्रस्तांना एका शाळेत ठेवलं होतं. भिंतींवर छातीइतक्या उंचीला पाण्याची रेघ, बाकांवर ओले कपडे, आणि सगळीकडे गाळाचा वास. माणसं चाळीस, आणि ब्लँकेट आलं होतं एक. नमुन्याचं. बाकीची गाडी अजून निघायची होती.

"एक पुरे आहे," साहेब म्हणाले. "एकाला द्यायचं, फोटो काढायचा, परत घ्यायचं, पुढच्याला द्यायचं. फोटो पोचले की देणारे हात सैल सोडतील. मग मिळेल की सगळ्यांना!"

मला पटलं. खोटं कशाला बोलू?

एकोणचाळीस जणांनी मुकाट्याने परत दिलं. चाळिसावी होती खिडकीखाली बसलेली एक म्हातारी. तिने ब्लँकेट गच्च लपेटलं, डोळे मिटले, आणि तिची थरथर थांबली. फोटो काढला.

"आजी, द्या आता."

"राहू दे रे बाबा... हाडं गोठलीत."

"अहो, उद्या दुसऱ्या शाळेत न्यायचंय ते!" साहेब दारातून ओरडले.

मग मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि ब्लँकेट ओढलं. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती.

"हाच हात ना?" ती अगदी हळू म्हणाली. "ध्यानात ठेवीन..."

सकाळी गेलो तर खिडकीखालची जागा रिकामी. शिपाई म्हणाला, "पहाटे गेली. गारठून." साहेब म्हणाले, "वय झालं होतं." मी कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावली.

दुपारी फोटो धुवायला डार्करूममध्ये शिरलो. बाहेर रखरखीत ऊन, आत तो लाल दिवा. पहिला कागद औषधात टाकला. हळूहळू माणूस उमटला, अंगावर ब्लँकेट. आणि ब्लँकेटच्या खालच्या टोकाला दोन हात. सुरकुतलेले, नखांत गाळ. ते टोक घट्ट धरून होते. दुसऱ्या फोटोतही तेच, तिसऱ्यातही तेच. चाळिसावा कागद टाकला. म्हातारीने डोळे मिटल्यावरच मी तो फोटो काढला होता, शपथेवर सांगतो. कागदावर ते सताड उघडे होते.

औषधाचा वास कुठे गेला कोण जाणे, खोलीभर गाळाचा वास. आणि माझ्या पाठीमागे... कुणाचे तरी दात वाजत होते.

"आजी... चुकलं माझं..."

दात वाजायचे थांबले.

साहेबांना फोटोंत कसले हात दिसले नाहीत. "झकास!" म्हणाले आणि पाठवून दिले. आठव्या दिवशी, भर उन्हात, ते कचेरीतल्या खुर्चीत मेलेले सापडले. अंगावर कोट, त्यावर सतरंजी, त्यावर खिडकीचे पडदे. ओठ काळेनिळे. बरं झालं मेला, असं आलं माझ्या मनात. आणि मग दरदरून घाम फुटला. हुकूम त्याचा होता, पण हात माझा होता.

मी मरणाची वाट बघत राहिलो. ते आलंच नाही. एका संध्याकाळी घरी आलो, लेक धावत येऊन गळ्यात पडली, मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती किंचाळली. दात वाजायला लागले, ओठ निळे पडले. फ्रॉक वर करून पाहिलं तर पाठीवर पाच पांढरीफटक बोटं उमटलेली. बायकोने तिला हिसकावून घेतलं, तशी ती घटकाभरात उबदार झाली. डॉक्टरांनी हात टेकले. मी आणखी दोनदा हात लावून पाहिला. दुसऱ्या वेळी तर ती जाता जाता वाचली.

तीन वर्षं झाली त्याला. पोर धडधाकट आहे, खोडकर आहे, पण माझ्याशी बोलते ती दारातून. बाप असून मी तिच्या केसांवरून हात फिरवलेला नाही. पोटात तुटतं हो, दुसरं काय सांगू!

आणि एक गोष्ट बायकोलाही माहीत नाही. लेक झोपेत लाथा मारून पांघरूण उडवून देते. सकाळी बघावं तर ते हनुवटीपर्यंत नीट ओढलेलं असतं, कडा गादीखाली खोचलेल्या असतात, आणि त्या कडांना गाळाचा वास येतो.

"तुम्ही घातलंत का हो?" बायको विचारते. "तिला हात न लावता?"

मी म्हणतो, "हो. जपून घातलं."