टोमॅटोंनी माना का टाकल्या?

चंद्रावरच्या वसाहतीत टोमॅटोच्या सहा रोपांनी एकाच दिवशी माना टाकल्या. पाणी भरपूर होतं, मुळं पांढरीशुभ्र होती, पानांवर ना कीड ना डाग. तरी प्रत्येक पान देठापासून खाली वाकलेलं! शेजारचा गहू मात्र, आपला काही संबंधच नाही अशा थाटात, ताठ उभा होता.

लागवडघर सांभाळणाऱ्या यंत्रमानवाला सगळे माळीबुवा म्हणत. माळीबुवांनी नऊ तपासण्या केल्या आणि निकाल देऊन टाकला. "रोग नाही, तहान नाही. म्हणजे रोपंच कमकुवत. उद्या दुपारी उपटतो. जागा गव्हाला मिळेल."

अकरा वर्षांच्या शाल्मलीने ती रोपं बी टाकल्यापासून वाढवली होती. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती आजोबांना हाताला धरून घेऊन आली. आजोबा, म्हणजे डॉ. मोंडकर, मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे) होते.

आजोबांनी एक पान बोटांवर घेतलं. "सुकलेलं पान मऊ पडतं. हे बघ, चांगलं कडक आहे. देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा भरभर वाढली, म्हणून पान खाली वळलं. हवेतलं काहीतरी याला जाणवतंय. टोमॅटो संवेदनशील असतो गं."

"म्हणजे कमकुवतच ना?"

"मुळीच नाही. संवेदनशील म्हणजे बाहेरच्या अगदी थोड्या बदलाचाही ज्याच्यावर लगेच परिणाम होतो असा. माळीबुवांच्या कॅमेऱ्याला काजव्याएवढा उजेडसुद्धा दिसतो. त्याला कुणी कमकुवत म्हणतं का? आणि हा शब्द वापरला की लगेच विचारायचं, कशाला संवेदनशील? कॅमेरा उजेडाला. काही माणसांची त्वचा उन्हाला."

"आणि टोमॅटो?"

"इथिलीनला (फळं पिकताना त्यांतून सुटणारा, डोळ्यांना न दिसणारा वायू). हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एखादा भाग असला, तरी टोमॅटोला कळतं."

"पण आजोबा, इथे फळं कुठे पिकतायत?"

आजोबांनी गुडघ्यावर बसून टोमॅटोच्या मांडणीखालून एक खोकं ओढलं. आत गव्हाचं काड पसरलेलं, आणि त्यात बारा हापूस आंबे. वास असा सुटला की शाल्मलीला क्षणभर काही सुचेना.

"मागच्या यानातून कच्चे मागवले होते. तुझ्या वाढदिवसासाठी आढी घातली (गवतात फळं पिकत ठेवली)," आजोबा म्हणाले. "देवगडला दरवर्षी घालायचो. तिथे कौलांच्या फटींतून वारा खेळायचा. इथे तीच हवा पुन्हा पुन्हा फिरते, हे मी विसरलो. मी, चौदा वर्षं इथे राहून!"

त्यांचा चेहरा उतरला होता. शाल्मलीला त्यांची फार दया आली. "आपण खोकं गुपचूप बाहेर ठेवूया ना."

"आणि गहू? तो आता फुलोऱ्यात आहे. इथिलीनने गहू वाकत नाही, पण त्याच्या ओंब्यांत दाणाच भरत नाही. बाहेरून सगळं छान दिसतं. चाळीस माणसांचं अन्न आहे ते. हवा आत्ताच्या आत्ता गाळली पाहिजे, आणि ती गाळायची तर सांगावं लागेल. ही रोपं बोलली म्हणून आपल्याला कळलं, बाळ. आता मी गप्प कसा बसू?"

वसाहतप्रमुख रेहाना मुजावर यांच्यासमोर आजोबा उभे राहिले. "चूक माझी आहे," एवढंच म्हणाले. मुजावरबाईंनी ऐकून घेतलं आणि लागवडघराची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली. हवा गाळायची यंत्रं लगेच पूर्ण जोरात सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी माळीबुवांनी तिला विचारलं, "शाल्मलीताई, नोंद काय करू?"

"संवेदनशील, इथिलीनला. उपटायचं नाही."

"ही नोंद मंगळावर जाणाऱ्या तुकडीलाही पाठवतो," माळीबुवा म्हणाले. "त्यांच्या रोपांच्या यादीत टोमॅटो नाही. हवा बिघडली तर त्यांना सांगणार कोण?"

वाकलेली पानं तशीच राहिली. शेंड्याला नवी पानं फुटली, ती मात्र सरळ होती.

तीन आठवड्यांनी गव्हाची पाहणी झाली. आजोबांना आत जायची परवानगी नव्हती. ते काचेबाहेर उभे राहिले. शाल्मलीने पहिल्या ओळीतली ओंबी सोलली. पोकळ. दुसरीही पोकळच. आजोबांनी डोळे मिटून घेतले. ती पुढे गेली. हवा गाळल्यानंतर, उशिरा फुललेल्या ओळींतली एक ओंबी तिने चिमटीत दाबली, आणि बोटांवर पांढरा चीक आला. पुढच्या ओंबीतही आला, तिच्या पुढचीतही.

ती धावत काचेपाशी आली आणि ओली बोटं काचेला लावून ओरडली, "आजोबा, दाणा भरतोय!"