उणे अकराच्या खाली

नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हेलियमताई सांगून टाकायची, की एका पंपाने कुठल्याच भांड्यातली हवा पुरती निघत नाही. "पहिला पंप म्हणजे हमाल. ढिगाने हवा उचलून बाहेर टाकतो, पण कानाकोपऱ्यातलं त्याला जमत नाही. दुसरा टर्बो. त्याची पाती सेकंदाला हजार वेळा फिरतात आणि चुकार कणांना चापट्या मारून हाकलतात. आणि तिसरा टायटॅनियमचा. तो बाहेर काही टाकतच नाही. तार तापवून आतल्या भिंतीवर धातूचा ताजा थर चढवतो आणि जे येऊन टेकेल ते धरून ठेवतो. धरलं की धरलं. सोडायचं नाव नाही. जोडीला आयन पंप, तोही त्याच जातीचा, पण धरलेलं थोडं परत सोडणारा."

कारखान्यात निर्वात चेंबर बनत. पिंपाएवढी, पोलादी, आतून आरशासारखी घासलेली. हेलियमचं नळकांडं घेऊन ताई एकेका सांध्यावर वायूचा फवारा मारायची आणि कुठे केसाएवढी गळती आहे ते हुडकून काढायची, म्हणून हे नाव पडलं. गळती शोधण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

हे सगळं तिला शिकवलं होतं बाबांनी. चौतीस वर्षं ते याच कारखान्यात होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि लगेच त्यांच्या फुप्फुसांनी हात टेकले. तीन श्वास नीट घ्यायचे, चौथ्याला अडखळायचे. तीन आणि एक अडखळ, तीन आणि एक अडखळ. शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या ताईला तो ताल इतका पाठ झाला होता, की तो नसता तर तिला झोप आली नसती.

उस्तादांची एकच हौस राहिली होती. त्यांच्या हातची चेंबर दाबाच्या मापात उणे दहापर्यंत, म्हणजे दशांशचिन्हानंतर दहाव्या घरापर्यंत, पोचायची, पण उणे अकराने त्यांच्या तोंडाला कायम पानं पुसली होती. निवृत्तीआधी त्यांनी एक शेवटचा आराखडा काढून ठेवला होता. यंदा त्याच आराखड्याचं चेंबर तयार झालं, तेव्हा ताई साहेबांना म्हणाली, "शेवटचं झाकण बाबाच लावतील. त्यात चर्चा नको." साहेबांनी चर्चा केली नाही.

कारखान्यात एक रीत होती, तीही उस्तादांनीच घालून दिलेली. उघड्या चेंबरवर वाकताना दम धरायचा. तोंडावर मास्क असला तरी धरायचा. झाकण लावणाऱ्याने एकदा आत पाहायचं, मागे सरायचं आणि मगच श्वास सोडून म्हणायचं, "सगळं स्वच्छ." चौतीस वर्षांत ही रीत मोडणाऱ्या प्रत्येकाला उस्तादांनी सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं.

त्या दिवशी ते वाकले, आणि त्यांना खोकला आला.

मास्क घसरून हनुवटीवर गेला. साठलेला सगळा दम थेट आत गेला. आरशासारख्या भिंतीवर धुक्याचा एक गोल उमटला आणि हळूहळू विरला. बाकीचे लोक तेव्हा क्रेनपाशी होते, त्यामुळे पाहिलं ते फक्त ताईने. नियमाप्रमाणे चेंबर पुन्हा धुवायला हवं होतं. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. या वयात, याच माणसांसमोर, आपलाच नियम!

"असू दे, बाबा," ती हळूच म्हणाली. "भाजताना निघून जाईल."

आयुष्यात कधी कोणाची अशी चूक तिने पोटात घातली नव्हती. बाबांनी शेवटचा बोल्ट आवळला आणि मोठ्याने म्हणाले, "सगळं स्वच्छ."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला पंप सुरू झाला. दुपारी आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, घर तिच्या ताब्यात होतं. "अगं, तुझ्या बाबाला आज भलताच दम लागतोय. काल मिरवायला नेलंस ना, घे आता." ताईने औषधाची वेळ सांगितली आणि टर्बो चालू केला.

मग भाजणं. आतल्या भिंतीला चिकटलेलं पाणी निघावं म्हणून चेंबरला तापत्या पट्ट्या गुंडाळून तीन दिवस दीडशे अंशांवर ठेवतात. त्याच तीन दिवसांत बाबांना ताप भरला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, काहीच हाती लागलं नाही. आत्या ओल्या पट्ट्या बदलून बदलून वैतागली. सोमवारी सकाळी नऊला ताईने पट्ट्यांची वीज बंद केली. संध्याकाळी घरी पोचली तर बाबा उशीला टेकून पेज पीत होते.

"दुपारपासून हळूहळू उतरत गेला," आत्या म्हणाली. "एखादं भांडं निवावं तसा."

ताईला यात काही वावगं वाटलं नाही. ताप येतो, ताप जातो.

बुधवारी तिने आयन पंप लावला. आकडा सरसर खाली आला, उणे नऊ, उणे दहा, आणि तिथेच अडला. नुसता अडला नाही, हलायला लागला. पडद्यावरची रेघ जरा वर जायची, जरा खाली यायची. शुक्रवारी चारला गिऱ्हाइकाची तपासनीस बाई येणार होती. तोवर उणे अकराच्या खाली गेलं नाही, तर त्याच संध्याकाळी चेंबर उघडून सगळं पहिल्यापासून करायचं, असं साहेबांनी ठरवून टाकलं होतं.

"गळती असेल," साहेब म्हणाले.

"गळती असती तर मला सापडली असती," ताई म्हणाली.

गुरुवारभर तिने चेंबर पिंजून काढलं. प्रत्येक सांध्यावर हेलियम मारला, आत एक कण गेला नाही. हादऱ्यांचा संशय म्हणून थंड पाण्याचं यंत्र थोडा वेळ बंद केलं, रेघ हलतच राहिली. मापक बदलून दुसरा जोडला, तोही तसाच हलला. शेवटी आत कोणता वायू आहे ते दाखवणारं उपकरण लावलं. भाजलेल्या चेंबरमध्ये हायड्रोजन उरतो, दुसरं काही फारसं उरत नाही. इथे वाफ होती. कार्बन डायऑक्साइड होता. दोन्ही एकदम वाढायचे आणि एकदम कमी व्हायचे.

तिने पेन्सिल घेऊन रेघेवरचे उंचवटे मोजले. तीन सारखे. चौथा तुटका. मग परत तीन.

तिने पेन्सिल खाली ठेवली. ती भित्री बाई नव्हती, पण तिला त्या क्षणी भीती वाटली. साधी, सरळ भीती.

शुक्रवारी साडेतीनला तिने सगळ्यांना चहाला पिटाळलं आणि घरी फोन लावला.

"बाबा, काही बोलू नका. फोन नुसता तोंडाजवळ धरा."

कानात श्वास ऐकू येत होता. डोळ्यांसमोर रेघ होती. श्वास सुटला की रेघ वर जायची. मध्येच बाबा खोकले. रेघ टुणकन उडाली.

"आता दम धरा."

बाबांनी दम धरला. रेघ सपाट झाली. अकरा सेकंद ती सपाट होती, आणि आकडा उतरत उतरत अगदी उणे अकराच्या उंबऱ्याशी आला. मग बाबांचा दम सुटला आणि आकडा वर आला. एकदा झालं म्हणून विश्वास ठेवायचा नाही, हे बाबांनीच शिकवलं होतं. तिने तीनदा करून पाहिलं. तीनदा तेच झालं.

"आकडा खाली येतोय का गं?" बाबांनी विचारलं.

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला कळतं, पोरी. झाकण लावलं त्या दिवसापासून माझा एक श्वास पुरता येतच नाही. कुठेतरी ओढल्यासारखा वाटतो."

"चारला ते लोक येतील. आकडा जमला नाही तर आज उघडतील. मग मोकळं होईल ना, बाबा? बाहेर येईल ना?"

"चौतीस वर्षं उघडतोय मी चेंबरं. उघडलं की बाहेरची हवा आत घुसते. आतलं त्यात मिसळतं आणि संपतं. वेगळं काढता येत नाही." बाबा थांबले. तीन श्वास, एक अडखळ. "तिसरा पंप लावलास का?"

"नाही. तो धरून ठेवतो, बाबा. सोडत नाही."

"मग धर की! उधळण्यापेक्षा धरलेलं बरं. आणि रडू नकोस, तारेचा प्रवाह चुकेल."

ती खरंच रडत होती. तिने बाहीने डोळे पुसले आणि प्रवाह लावला. चुकला नाही.

काचेच्या खिडकीतून आत नारिंगी उजेड दिसला.

टायटॅनियमची तार तापली की आधी आकडा वर जातो. तो गेला. फोनमध्ये बाबांना धाप लागली.

दीड मिनिटाने तिने प्रवाह बंद केला.

रेघ उतरायला लागली. उंचवटे बुटके झाले. तीन, एक अडखळ. तीन.

अडखळ आलीच नाही.

पडद्यावर सरळ रेघ होती. नऊ, उणे बारा. उणे अकराच्या खाली. या कारखान्यात हा आकडा कोणी पाहिला नव्हता.

फोनमध्ये काहीही ऐकू येत नव्हतं.

"बाबा?"

काही नाही.

"बाबा!"

"अगं, ओरडतेस काय? इथेच आहे," बाबा म्हणाले. आवाज खणखणीत, वीस वर्षांपूर्वीचा. "किती आला?"

तिने आकडा सांगितला. "वा, उस्ताद!" असं ते स्वतःलाच म्हणाले आणि मोठ्याने हसले. हसताना त्यांना धाप लागली नाही.

चारला तपासनीस बाई आली. तिने तासभर रेघेकडे पाहिलं, सही केली आणि म्हणाली, "इतकी शांत रेघ मी कुठेच पाहिली नाही." साहेबांनी सगळ्यांशी हात मिळवले. ताईने विचारलं, "तुमच्या प्रयोगाचा नमुना तुम्ही आत कधी ठेवणार?" बाईने दिवस सांगितला.

ताई घरी पोचली तेव्हा उन्हं होती. बाबा जिन्याखाली तिची वाट पाहत उभे होते. कित्येक महिन्यांत ते खाली उतरले नव्हते. तिच्या हातातली पिशवी घेऊन ते दोन मजले चढून गेले. कुठे थांबले नाहीत.

"औषध लागू पडलं!" आत्या दारातच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "दुपारी एकदम उठून बसला. मी म्हटलं ना, डॉक्टर बदलू नका म्हणून?"

तिने तिघांना चहा ओतला आणि फडकं घेऊन आत गेली. बाबा खिडकीशी बसले. त्यांच्या गालांवर रंग होता. ताई त्यांच्या छातीकडे पाहत होती, मग तिने नजर काढून कपात घातली.

"नमुना ठेवायला ते लोक चेंबर उघडणार असतील," बाबा म्हणाले. सहज, हवापाण्याचं विचारावं तसं.

"हो."

"कधी?"

"मंगळवारी."

बाबांनी बोटांवर मोजलं. "चार दिवस. चार दिवसांत बाजूच्या झडपेला एक छोटी खोली जोडून होईल. नमुना आधी त्या खोलीत घ्यायचा, तिथली हवा काढायची, मग झडपेतून आत सरकवायचा. मोठं झाकण उघडायची गरजच नाही. आराखडा मी सांगतो, तू काढ."

तिने पर्समधून पेन्सिल काढली, बिलाच्या पाठीमागे पहिली रेघ ओढली.

"आत्ता कसं!" बाबा म्हणाले. त्यांनी कप उचलून ओठांशी नेला, गाल फुगवले आणि नेहमीसारखी लांब फुंकर मारली.

चहाची वाफ सरळ वर जात राहिली.