चार वाजताचं व्होल्टेज

“दोनशे अकरा... दोनशे बारा... दोनशे तेरा...”

“अवो, हितं पंक्चरवाला कुठं बसतो?”

स्वरूपाचा हात जागच्या जागी थांबला. तांब्याची तार बोटांत तशीच ताणलेली राहिली आणि आकडा मात्र डोक्यातून भुर्रकन उडून गेला. तेरा की चौदा? की अजून बाराच?

जळालेल्या मोटारीत नवी तार भरणारं माणूस वेढे मोजत असलं की त्याच्याशी बोलायचं नाही, हे बारामतीत इंदापूर रस्त्याला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला ठाऊक होतं. विहिरीतली जळालेली मोटार रामभाऊ मिस्त्रींच्या दुकानाच्या पायरीवर टेकवायची आणि त्यांची लेक मान वर करेपर्यंत गुमान उभं राहायचं. भलेभले बागायतदार उभे राहायचे. मग हा कोण टिकोजी लागून गेला होता?

टिकोजी दारातच होता. उंच, सावळा, केसांवर रस्त्याची धूळ आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी जाडी मापायचा लोखंडी व्हर्नियर.

“आता हे सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून मोजायचं,” ती म्हणाली. “तुमच्या एका पंक्चरपायी.”

“मग... मी उलगडू लागतो की.”

आणि तो खरंच आत येऊन स्टुलावर बसला!

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडची पोरं परक्या मुलीशी बोलताना आधी ‘ताई’ म्हणून घेतात, म्हणजे पुढचं बोलणं निर्धास्त होतं. हा ‘अवो’ म्हणाला होता. स्वरूपाने ते बरोबर टिपलं. का टिपलं, ते तिला विचारू नका.

त्याचं नाव सिद्धू. इंदापूर तालुक्यातल्या शेळगावच्या वस्तीवरचा. आज्यापर्यंत घरात मेंढरं होती, आता ऊस होता आणि गोठ्याशेजारच्या खोलीत सिद्धूचं मशीन होतं.

“कसलं मशीन?” तार उलगडता उलगडता तिने विचारलं.

“लाकूड कोरायचं. कॉम्प्युटरवर चित्र काढलं की मशीन तसंच्या तसं लाकडात कोरतं. तीन मोटारी हायत. तुमच्या पंपावानी गरागरा फिरत न्हायत, एकेक पाऊल मोजून टाकत्यात. आन् प्रत्येक मोटारीला एक ड्रायव्हर.”

“तीन तीन ड्रायव्हर? जेवायलाबी घालावं लागत असंल.”

“माणूस न्हवं वो, डबी असती! मोटारीला किती करंट द्यायचा ते ती ठरवती.” तो हसला. हसला की त्याचा डावा डोळा जरा जास्त बारीक व्हायचा. “तिला डीसी लागतो. अडतीस व्होल्टच्या आसपास. पन्नासच्या वर गेलं की डबी खलास. तयार सप्लाय घेतला व्हता, तो वस्तीवरच्या लाइटीला आठ दिवसांत बसला. म्हणून म्हटलं, आता ट्रान्सफॉर्मरवाला जुन्या पद्धतीचाच करू. तुमी भरून द्याल का?”

“अठ्ठावीसचा भरून देते.”

“अडतीस म्हटलं मी.”

“अठ्ठावीस एसी. त्याचं डीसी करून पुढं कपॅसिटर लावला की होतंय अडतीस. शाळंत झोपला व्हता का?”

“तुमच्यासारख्या मास्तरीण न्हवत्या ना शाळंत,” सिद्धू म्हणाला. मग स्वतःच्याच धिटाईने दचकून तो तारेकडे बघू लागला.

पंक्चर काढून व्हायला दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी दीड तास लागला.

जाताना तिने विचारलं, “वस्तीवर लाइट किती असती?”

“दिवसा एकशे ऐंशी. मीटर लावून बघितलंय.”

झालं. मोटार भरणाऱ्याच्या कानावर ‘एकशे ऐंशी’ पडलं की तो पुढचं काही विचारत नाही. वाड्यावस्त्यांवर व्होल्टेज कमीच येतं, म्हणून तिथल्या मोटारी कमी व्होल्टेजला धरूनच भरायच्या, हे रामभाऊंनी लेकीला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. स्वरूपाने तसाच ट्रान्सफॉर्मर भरला, एकशे ऐंशी आत गेले की अठ्ठावीस बाहेर यावेत असा. इतक्या प्रेमाने तिने आजवर एकही मोटार भरली नव्हती.

पुढच्या आठवड्यात सिद्धू चार वेळा बारामतीला आला. कधी एसीचं डीसी करणारा ब्रिज घेऊन, कधी फ्यूज, तर एकदा नुसता एक स्क्रू घेऊन. शेळगावात स्क्रू मिळत नसावेत. रामभाऊ चष्म्यावरून बघायचे आणि काही न बोलता चहा सांगायचे. एक मोठ्ठा कपॅसिटरही आला, ताकाच्या पेल्याएवढा. सगळी जोडणी लाकडी फळीवर झाली. स्वरूपाने दुकानातल्या डिमरने व्होल्टेज उतरवून मुद्दाम एकशे ऐंशीवर आणलं आणि मीटर त्याच्यापुढे धरला. बरोब्बर अडतीस!

“बघा. तुमच्या वस्तीवर एवढंच येणार.”

तिने बटण बंद केलं. सिद्धूने खुशीत तार सोडवायला हात घातला आणि—

“हात काढा!” तिने त्याचं मनगटच धरलं.

“बंद केलंय की.”

“बंद केलं तरी ह्या कपॅसिटरच्या पोटात लाइट भरलेली असती. ती रिती करायला रेझिस्टर लावायचा राहिलाय अजून. हे बघा.”

दुसऱ्या हाताने तिने ट्रकचे दोन बारके बल्ब कपॅसिटरला टेकवले. कुठेही न जोडलेले ते बल्ब लख्ख पेटले आणि पिवळे, तांबूस होत हळूहळू मावळत गेले. दोघंही बघत राहिले. मनगट अजून तिच्याच हातात होतं.

“विझले,” ती म्हणाली.

“व्हय... विझले.” त्याने हात सोडवून घेतला नाही. “कपॅसिटर पुन्हा एकदा भरून बघायचा का?”

आत रामभाऊ खोकले. मनगट सुटलं.

पण जाताना सिद्धू पायरीवर रेंगाळला आणि त्याने खरं काय ते सांगितलं. भिगवणला, उजनीच्या पाण्याकाठी दिपालीताईंचं मच्छीचं नवं हॉटेल रविवारी सुरू व्हायचं होतं. त्याच्या नावाची सागवानी पाटी करायचं काम सिद्धूकडे होतं, वर कोरायचे रोहित पक्षी. पाटी वेळेत झाली तर हॉटेलच्या खोल्यांची दारं, टेबलं, सगळं काम त्यालाच मिळणार होतं.

“आन् न्हाय झाली तर?”

“तर होसूर, पार दक्षिणेकडं. तिकडच्या एका कंपनीचं पत्र आलंय. सोमवारी हजर व्हायचंय. मशीनच्या नादी लागून दोन वर्सं घालवली म्हणत्यात तात्या, माझे वडील. आता कुठवर नाय म्हणू?”

होसूर किती लांब आहे, हे तो गेल्यावर स्वरूपाने मोबाईलवर बघितलं. बघितलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

बुधवारी सकाळी व्हिडिओ आला. मशीन पाऊल पाऊल टाकत फळकुटावर एक उंच मान कोरत होतं. खाली लिहिलं होतं, ‘रोहित हाय. बगळा वाटला तर सांगा.’ तिने लिहिलं, ‘बगळाच वाटतोय. पण देखणा हाय.’ मग अख्खी सकाळ तिचे आकडे चुकत राहिले.

संध्याकाळी पाच वाजता त्याचा फोन आला. आवाज अगदी खोल गेला होता.

“जळालं सगळं. तिन्ही ड्रायव्हर गेले.”

“असं कसं?”

“माझंच कायतरी चुकलं असंल. कुठंतरी तार उलटी जोडली असंल... जाऊ द्या. तुमी एवढी मेहनत घेतली, मला सांभाळता आलं न्हाय. आपल्याला ह्यातलं कळत न्हाय, हेच खरं. जातो सोमवारी.”

“थांबा. किती वाजता जळालं?”

“चारला. थ्री फेज गेली, दिवे जरा मिचकावले आन् जळका वास आला.”

स्वरूपाने दुकानातली हिशोबाची खडूपाटी पुढे ओढली.

चार वाजता! चार वाजता शेतीच्या पंपांची थ्री फेज वीज जाते. म्हणजे शिवारातले सगळे पंप एका झटक्यात बंद पडतात. मग सिंगल फेजवर उरतात वस्तीवरचे चार दिवे आणि इतका वेळ पंपांनी दाबून धरलेलं व्होल्टेज उसळून अडीचशेच्या वर जातं. तिने पाटीवर हिशोब मांडला. अडतीसचे चोपन्न झाले होते. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, तोही स्वतःच्या हाताने.

पंपाची मोटार त्या वेळी बंदच असते, म्हणून आजवर कमी व्होल्टेजला भरलेली एकही मोटार अशी जळली नव्हती. पण सिद्धूचं मशीन काही उसाला पाणी देत नव्हतं.

“आप्पा, चूक माझी हाय,” तिने वडिलांना सांगितलं.

रामभाऊंनी पाटीवरचा हिशोब दोनदा वाचला. “व्हय. तुझीच,” ते हळूच म्हणाले. “पण त्याला ठावं न्हाय ना? मग गप ऱ्हा. तीस वर्सांचं दुकान हाय पोरी. ‘मिस्त्रीच्या लेकीनं मशीन जाळलं’ म्हणून गावोगाव व्हईल. पोरगं जाईल नोकरीला, त्याचंबी भलं व्हईल.”

भलं होईल! स्वरूपाला त्या रात्री जेवण गेलं नाही. गप्प राहिलं तर दुकानाचं नाव राहत होतं. सांगितलं तर कदाचित सिद्धू तिचं तोंडही बघणार नव्हता. आणि तिला तर ते तोंड रोज बघायचं होतं. हे तिने त्या रात्री पहिल्यांदाच स्वतःशी कबूल केलं.

गुरुवारी ती दुसरा ट्रान्सफॉर्मर भरायला बसली. या वेळी वस्तीवर जास्तीत जास्त किती व्होल्टेज येईल तो आकडा धरला. दुपारी पंप चालू असताना मोटारी जरा संथ चालतील, चालू देत, पण काही जळणार नाही. पुण्यातल्या आयटीआयच्या मित्राला, सौरभला, फोन करून तिने स्वतःच्या पैशाने तीन ड्रायव्हर मागवले. शनिवारी सकाळी ते एसटीने आले. रामभाऊंनी सगळं बघितलं आणि तिने गाडीला किक मारली तेव्हा एवढंच म्हणाले, “हळू जा. रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर असत्यात.”

शेळगावच्या वस्तीवर सिद्धूची आई साखरबाई दारातच भेटली. तिने आधी मुलीकडे बघितलं, मग गाडीवर बांधलेल्या खोक्याकडे आणि मग पुन्हा मुलीकडे. “तूच व्हय ती बारामतीची,” ती म्हणाली आणि पाणी आणायला आत वळली.

सिद्धू खोलीत बॅग भरत होता. मशीनवर चादर टाकलेली होती.

वाटेत स्वरूपाने काय काय जुळवलं होतं, ते सगळं उंबऱ्यातच राहिलं. ती एका दमात म्हणाली, “तुमची जोडणी बरोबर व्हती. चूक माझी हाय. मी एकशे ऐंशीला धरून भरला आन् चारला पंप बंद झाल्यावर काय होईल ते बघितलंच न्हाय. तुमचं मशीन मी जाळलं.”

सिद्धू हातातला शर्ट तसाच धरून उभा राहिला. बाहेर कोंबड्या कलकलत होत्या. आता हा ‘जा’ म्हणणार, स्वरूपाला वाटलं, आणि तिने मान खाली घातली.

“म्हणजे...” त्याने शर्ट बॅगेवर टाकला, “म्हणजे मला जमत व्हतं?”

तिने वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि राग तर शोधूनही सापडला नसता.

“तीन दिस झालं, मी तात्यांच्या नजरंला नजर दिली न्हाय,” तो म्हणाला. “आपण अडाणी, नसत्या भानगडीत पडलो, असंच वाटत व्हतं... तुमी सांगितलं नसतं तर मला कधी कळलंबी नसतं.”

“आन् तुमी माझ्या चुकीनं होसूरला गेला असता. ते मला चाललं नसतं.”

“चूक तुमची म्हणून चाललं नसतं?”

ती मशीनकडे वळली. चादर ओढून बाजूला टाकली आणि पेचकस मागितला.

साडेतीनला जोडणी पुरी झाली. मीटरवर पंचवीस व्होल्ट दिसत होते. चारला पाच मिनिटं कमी असताना दोघं मीटरपुढे बसले, खांद्याला खांदा लागेल न लागेल असे. मशीनला अजून काम दिलं नव्हतं, पण नवे ड्रायव्हर चालू होते. जळायचे असतील तर आताच जळणार होते. शिवारात पंपांची घरघर चालली होती.

मग दिवा मिचकावला आणि घरघर एकदम थांबली.

अठ्ठावीस. एकतीस. चौतीस... स्वरूपाने डोळे मिटून घेतले. “किती झालं?”

“छत्तीस.”

“आता?”

“छत्तीसच. हलंना.” आणि मग, अगदी कानाजवळ, “डोळं उघड की. मी हाय हितं.”

‘उघडा’ नाही, ‘उघड’ म्हणाला. तिने डोळे उघडले. जळका वास नव्हता. ड्रायव्हरवरचे तिन्ही हिरवे दिवे सुखरूप होते.

“मघाशी विचारलं त्याचं उत्तर सांगते,” ती म्हणाली. आता मागे फिरायचं नव्हतं. “चूक माझी नसती तरी मला चाललं नसतं. तू कुठंबी गेलेलं मला चालत न्हाय.”

सिद्धूने तिचा हात घट्ट धरला. मग दुसऱ्या हाताने बटण दाबलं आणि मशीन सागवानी फळीवर निघालं, पाऊल पाऊल मोजत, उद्याच्या भिगवणच्या पाटीकडे.

“स्वरूपा, पाटी वेळंत न्हाय झाली तरी मी जात न्हाय,” तो म्हणाला. “आत्ता ठरलं.”

“मग सोमवारी आमी तिघं बारामतीला येतो,” दारातून आवाज आला. चहाचे कप घेऊन साखरबाई उभी होती. कधीपासून, देव जाणे! “तुझ्या आप्पास्नी सांग, तात्याबा आन् साखरबाई लेकाला घिऊन तुझा हात मागाया येणार हायत. चालंल न्हवं, पोरी?”

सिद्धूने गडबडीने हात सोडला आणि पुन्हा धरला. स्वरूपाला हसू येत होतं आणि रडूही. ती ‘व्हय’ म्हणाली, पण इतक्या हळू की मशीनच्या आवाजात ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

म्हणून तिने पुन्हा म्हटलं, चांगलं मोठ्यांदा.