हरतालिकेचं पाणी

"मॅडम, ब्लॅडर फुल नहीं है. पानी पीजिए, फिर बुलाती हूँ." सोनोग्राफीवाल्या ताईंनी मला पुन्हा बाहेर पाठवलं.

पिणार कशी? त्या दिवशी हरतालिका होती. पहाटेच अन्नपूर्णेच्या देवळात हात जोडून मी निर्जळ व्रत धरलं होतं... आणि बाबांनी पंचांग न बघता नेमकी त्याच दिवशीची अपॉइंटमेंट घेतली होती.

शेजारच्या खुर्चीतला मुलगा भलीमोठी बाटली तोंडाला लावून बसला होता. त्याने पिशवीतून दुसरी काढली.

"घ्या ना. सीलबंद आहे. मला मुतखडा आहे, म्हणून स्टॉक घेऊनच फिरतो."

"नको... निर्जळ उपास आहे."

"कुणासाठी?"

मी मान खाली घातली. "चांगला नवरा मिळावा म्हणून."

"अरे भिया!" तो इथल्या हिंदी ढंगात म्हणाला, हसला आणि लगेच कंबर धरून कळवळला. "मग त्या बिचाऱ्यालाही विचारा की. त्याला बायको तहानलेली पाहिजे की बरी?"

मलाही हसू फुटलं. हसताना पोटात डावीकडे अशी कळ आली, की डोळ्यांत पाणीच आलं. त्याने बाटलीचं झाकण उघडून ती माझ्या हाताशी ठेवली आणि तोंड भिंतीकडे केलं.

"प्या. मी नाही बघत. गौरीला मात्र तुम्ही सांभाळा, हां."

मी मनातल्या मनात क्षमा मागितली... आणि प्यायले.

तो मानस. विजय नगरात नोकरी करणारा.

रिपोर्ट आला – डाव्या ओव्हरीत चॉकलेट सिस्ट. नाव केवढं गोड, आणि दर महिन्याला दुखणं मात्र जीव घेणारं! डॉक्टर म्हणाल्या, "बऱ्याच सिस्ट आपोआप जातात, हिला मात्र औषध लागेल. मूल होणारच नाही असं नाही, पण वेळ लागू शकतो."

घरी आल्यावर शोभनामावशीने मला बाजूला घेतलं. "सुरभी, लग्न होईपर्यंत तोंड बंद ठेव. बेटम्याचं स्थळ नुसतं दुखण्याचं कळल्यावरच गेलं ना?"

मी रिपोर्ट कपाटात कपड्यांखाली सरकवला.

माझा सोमवारचा उपास असतो, हे दवाखान्यातच बोलता बोलता निघालं होतं. मानसला अचानक सोमवारचीच भक्ती सुचू लागली. मी दर्शन घेऊन येईपर्यंत तो अन्नपूर्णेच्या देवळाबाहेर माझ्या चपला राखत उभा असे. मग आम्ही साबुदाण्याची खिचडी खायचो.

"उपास तुमचा, वजन माझं वाढतंय, सुरभीजी."

"मग येऊ नका."

"असं कसं? चपला कोण बघणार?"

कार्तिकातल्या एका सोमवारी मात्र त्याने खिचडीला हातच लावला नाही.

"आई तुमच्या घरी यायचं म्हणतेय... येऊ दे?"

होकार अगदी ओठांवर आला होता. मावशीचं बोलणंही आठवलं. पण नुकताच देवीपुढे माथा टेकून आले होते... लपवायचं कसं?

"आधी ऐकून घ्या," मी म्हणाले. सिस्ट, गोळ्या, मूल होईल की नाही ही धास्ती, बेटम्याचं स्थळ – सगळं सांगून टाकलं. सांगताना नजर खिचडीवरून वर उचलवेना.

त्याने आपली ताटली बाजूला सरकवली. मी पर्स उचलली. उठणार तोच...

"दुखतं का गं खूप?"

पहिल्यांदाच 'गं' म्हणाला. आजवर सगळ्यांनी मुलाबाळांचं विचारलं होतं. हे कुणीच नाही.

मी मान हलवली. टपकन एक थेंब ताटलीत पडला.

"मुलाचं आपण दोघं मिळून डॉक्टरांना विचारू. आईला मी सांगतो, यायच्या आधीच. आत्ता मला एवढंच सांग – दुखतं तेव्हा काय करतेस?"

"जप करते."

"आणि?"

"गरम पाण्याच्या पिशवीने शेकते."

"मग जप तुझा. पिशवी मी भरून देईन."

...यंदाच्या, लग्नानंतरच्या पहिल्या हरतालिकेला मानस म्हणाला, "मीही निर्जळ करतो."

"आणि तुमचा खडा?"

मी पाण्याने भरलेलं फुलपात्र गौरीपुढे ठेवलं, हात जोडले. मग त्याला दिलं. अर्धं पिऊन त्याने ते माझ्यापुढे धरलं – आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बघा इकडे," मी म्हणाले.